प्रकल्प नोंदी : टॅल्बट हाउसचं मराठी पत्रक

४ फेब्रुवारी २०२४, गेंट

मंडळाचं हळदीकुंकू उरकल्यावर तिळगुळाच्या डब्याभोवती जी बैठक होते, तीच खरी कार्यकारिणी. तिथे मे महिन्याची सहल पोपेरिंगेला काढायचं ठरलं. दरवर्षी ट्यूलिप बघून लोक कंटाळले आहेत. पोपेरिंगे म्हणजे बेल्जियमचं पश्चिम टोक. रेल्वेचे रूळ तिथेच संपतात, आणि पुढे फ्रान्सच्या हद्दीपर्यंत हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीची, शेतं. कागदोपत्री शहर, पण आपल्या मापाने मोठं गावच. तिथे टॅल्बट हाउस आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी चालवलेला क्लब, आता संग्रहालय आणि मुक्कामाची सोय.

पंचवीसेक माणसं येणार, त्यात भारतातून आलेले चार-पाच आईवडील. त्यांच्या हातात मराठी काहीतरी हवं, असं मी बोलून गेले. बोलेल त्याच्या गळ्यात घंटा. एक घडीचं पत्रक, दोन्ही बाजूंनी छापलेलं, शब्द सहाशेच्या आत. हे माझं वैयक्तिक काम, त्या संस्थेचं नव्हे. मुदत १५ मे. नोंदी इथे ठेवते, नाहीतर जूनमध्ये 'हे असं का लिहिलं' म्हणून कुणी विचारलं तर मलाच आठवणार नाही.

१० फेब्रुवारी

आधी गोष्ट स्वतःला नीट सांगून बघितली.

टॅल्बट घराणं इंग्लंडमधलं. वडील एडवर्ड टॅल्बट विंचेस्टरचे बिशप. थोरल्यांपैकी एक मुलगा नेव्हिल, तोही धर्मोपदेशक, युद्धात ब्रिटिश सहाव्या डिव्हिजनचा मुख्य पाद्री. धाकटा गिल्बर्ट. ऑक्सफर्डच्या वादसभेचा अध्यक्ष होता, राजकारणात जाणार असं सगळे धरून चालले होते. गेला सैन्यात. रायफल ब्रिगेडच्या सातव्या बटालियनमध्ये सेकंड लेफ्टनंट झाला. ३० जुलै १९१५ ला पोपेरिंगेच्या पूर्वेला, ईपर शहराजवळच्या होखे इथे जर्मनांनी आगीचे फवारे सोडून खंदक घेतले. ते परत घेण्यासाठी दुपारी केलेल्या चढाईत तो पडला. वय २३. दोन दिवसांनी नेव्हिल रांगत त्या भागात गेला आणि भावाचा देह शोधून काढला.

त्याच वर्षाच्या शेवटी नेव्हिलने पोपेरिंगेत सैनिकांसाठी एक घर उघडायचं ठरवलं. चालवायला बोलावलं फिलिप क्लेटन या दुसऱ्या पाद्र्याला. ठेंगणा, गोल, जाड भिंगांचा चष्मा. सगळे त्याला 'टबी' म्हणत. हॉप्सचा व्यापारी मॉरिस कूव्होट याचं मोठं घर महिना १५० फ्रँक भाड्याने मिळालं. ११ डिसेंबर १९१५ ला दार उघडलं, आणि नाव दिलं टॅल्बट हाउस, गिल्बर्टच्या आठवणीत.

इथपर्यंत दीडशे शब्द. सरळ आहे. पण वाचून वाटलं, हे शाळेच्या स्नेहसंमेलनातलं निवेदन झालंय.

२ मार्च, पोपेरिंगे

गेंटहून सकाळच्या गाडीने. गाडी शेवटपर्यंत जाते, त्यामुळे झोप लागली तरी चालतं. स्टेशनपासून चालत खासथाउसस्ट्राट, घर क्रमांक ४३. रस्त्यावरून बघितलं तर पांढऱ्या चेहऱ्याचं ऐसपैस व्यापारी घर, लोखंडी फाटक. आत शिरल्याशिवाय काही कळत नाही.

स्वयंसेवकांनी विचारलं, चहा घेणार? मी तिकिटाचे पैसे काढत होते, तर आधी चहा. दूध घालून केलेला, कडक. बेल्जियममध्ये इतक्या वर्षांत मला न मागता कुणी चहा विचारल्याची ही दुसरी वेळ. (पहिली वेळ : आमच्या वरच्या मजल्यावरचं तुर्की कुटुंब.) युद्धातही इथे चहाच होता. बाहेर गावात दारूचे गुत्ते आणि बाकी सगळं होतंच. ईपरच्या आघाडीमागचं, जर्मनांच्या हाती न पडलेलं हे गाव, १९१७ मध्ये या परिसरात अडीच लाखांपर्यंत ब्रिटिश सैनिक होते असं सांगतात. अशा बाजारात हे एक घर, जिथे दारू नाही, बाया नाहीत, आणि तरी रांग लागे.

का लागे, ते घरात फिरल्यावर थोडं कळलं. खुर्च्या आहेत. पियानो आहे. मागे झाडांची बाग आहे. चिखलात आठवडा काढलेल्या माणसाला पाठ टेकायला गादीची खुर्ची मिळणं हीच केवढी चैन. वाचनालयाची पद्धत मला फार आवडली : टोपी ठेवा, पुस्तक न्या. टोपीशिवाय रस्त्यावर दिसलेल्या शिपायावर कारवाई होई, त्यामुळे पुस्तक परत येणारच. टोपी घालायची सोयच नाही.

वर जायला अरुंद, उभा जिना. माळ्यावर, जिथे पूर्वी हॉप्स वाळवत, तिथे प्रार्थनेची खोली. वेदी म्हणून सुताराचं बाक ठेवलेलं आहे. येशू सुताराचा मुलगा, त्यामुळे टबीला ते आयतंच लाभलं असणार. मी देवभोळी नाही, पण तिथे दहा मिनिटं बसले. आघाडीवर जायच्या आदल्या रात्री लोक याच फळ्यांवर गुडघे टेकून बसत. फळ्या अजून करकरतात.

फोटो ७४. त्यातले पाट्यांचे ३१. कारण पाट्या!

३ मार्च

पाट्यांबद्दल स्वतंत्र नोंद. टबी क्लेटन जन्माने ऑस्ट्रेलियातला, वाढला इंग्लंडमध्ये, पण पाट्या वाचून माझी खात्री आहे की मागच्या जन्मी तो सदाशिव पेठेत राहत होता.

सैन्यात हुकूम हाच संवाद. हे करू नये, ते करू नये. टबीने तीच हुकमी भाषा घेतली आणि तिची टिंगल करत घर चालवलं. कागद जमिनीवर फेकणाऱ्यांसाठी : कचऱ्याच्या टोपल्या निव्वळ शोभेच्या आहेत, हुकमावरून. थुंकणाऱ्यांसाठी : घरी गालिच्यावर थुंकायची सवय असेल तर इथेही थुंका. दाराकडे बोट दाखवणारा हात आणि खाली : निराशावाद्यांनी इकडून बाहेर जावं. बागेच्या वाटेवर : बागेत या आणि युद्ध विसरा. आणि सगळ्यात प्रसिद्ध, टबीच्या खोलीच्या दारावरची : आत येणाऱ्याने सगळा हुद्दा सोडून यावं. मूळ इंग्रजी वाक्य इटालियन कवी दान्तेच्या काव्यातल्या, नरकाच्या दारावरच्या ओळीवर बेतलेलं आहे, तिथे 'आशा' सोडायची असते, इथे 'हुद्दा'.

हे वाक्य नुसतं गमतीचं नव्हतं. त्या काळच्या ब्रिटिश सैन्यात अधिकारी आणि शिपाई एका टेबलाशी चहा पीत नसत. अधिकाऱ्यांच्या खाणावळी वेगळ्या, गुत्तेसुद्धा वेगळे. या एका घरात कर्नल आणि शिपाई शेजारी बसू शकत. मुक्कामाला आलेल्या अधिकाऱ्याकडून मात्र टबी ५ फ्रँक घेई, म्हणजे शिपायांचा खर्च निघे.

पत्रकाचा निम्मा भाग पाट्यांना द्यायचा असं ठरवून टाकलं. मंडळाचे अध्यक्ष नाराज होतील. ते नंतर बघू.

१० मार्च

आत्याला फोन. ती पुण्यात, चाळीस वर्षं मुद्रितशोधन केलेलं, आता निवृत्त, पण नजर तशीच. मी पाठवलेला मजकूर वाचून तिचा पहिला प्रश्न : "अगं, क्लब म्हणजे काय लिहितेस? क्लब म्हटलं की आमच्याकडे रमी."

खरं आहे. जिमखाना म्हणावं तर खेळ येतो, मंडळ म्हणावं तर गणपती येतो. 'विश्रामगृह' म्हणजे सरकारी बंगला आणि खानसामा. 'धर्मशाळा' बरंच जवळचं आहे, पण तिथे कुणी पियानो वाजवत नाही. घराबाहेरच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं, प्रत्येक माणसाचा क्लब. आत्याने 'आल्यागेल्याचं घर' सुचवलं. ते मला इतकं आवडलं की शीर्षकच करून टाकलं. 'क्लब' मजकुरात एकदाच ठेवला.

मग पाट्या. हा अडीच तासांचा फोन झाला, त्यातून निघालेलं :

हुद्द्याची पाटी. मी लिहिलं होतं, 'येथे प्रवेश करणाऱ्यांनी सर्व पदांचा त्याग करावा.' आत्या म्हणाली, हे संन्यास घेतल्यासारखं वाटतं. तिचं : 'चपला आणि हुद्दे बाहेर काढावेत.' दान्ते गेला, पण घर आलं. ठेवलं.

निराशावादी. 'निराशावाद्यांनी बाहेर जावे' हे अचूक आणि मेलेलं. यावर दोघी गप्प. मग तीच म्हणाली, रडतराऊत! राऊत म्हणजे घोडेस्वार शिपाई. रडत रडत घोड्यावर बसणारा शिपाई, म्हणजे शब्द आधीपासून लष्करातलाच. 'रडतराऊतांची वाट इकडून.' मी खुर्चीतून उठून नाचले, नवऱ्याने दार लावून घेतलं.

टोपल्यांची पाटी जशीच्या तशी. तिला काही करावंच लागलं नाही.

थुंकण्याची पाटी आत्याला पसंत नाही. म्हणाली, आपल्याकडे कुणीतरी ते खरंच मनावर घेईल. तरी ठेवली.

एक पाटी मात्र अडली. जिन्याजवळ टबीने बजावलं होतं की या जिन्यावरून एमी रॉबसार्टचे प्रयोग करू नयेत. एमी रॉबसार्ट ही पहिल्या एलिझाबेथ राणीच्या मर्जीतल्या रॉबर्ट डडलीची बायको. १५६० मध्ये जिन्याखाली मरून पडलेली सापडली, पडली की पाडली यावर इंग्रज अजून वाद घालतात. हे सगळं तळटीपेत सांगितलं तर विनोद जिन्यावरून पडून मरतो. आत्याचं : 'गडगडण्याची हौस दुसऱ्या जिन्यावर भागवावी.' एमीबाई वगळल्या.

१९ मार्च

ऑफिसात जेवताना या घराबद्दल बोलत होते. म्हटलं, नाव लांब म्हणून सैनिकांनी ते तोडलं. तेव्हाच्या ब्रिटिश सिग्नलवाल्यांची अक्षरं सांगायची स्वतःची पद्धत होती, कारण खरखरत्या फोनवर बी, डी, पी, टी एकसारखेच ऐकू येतात. ए म्हणजे 'ॲक', एम म्हणजे 'एमा', पी म्हणजे 'पिप', टी म्हणजे 'टॉक'. एचला वेगळं नाव नव्हतं. म्हणून टॅल्बट हाउस म्हणजे टी एच, म्हणजे 'टॉक एच'.

समोरचा मल्याळी सहकारी चमचा ठेवून म्हणाला, "मी टॉक एचचा विद्यार्थी." कोचीच्या व्हिट्टिलामध्ये टॉक एच पब्लिक स्कूल आहे, तिथे तो दहावीपर्यंत शिकला. नावाचा अर्थ त्याला आज कळला. युद्धानंतर टबीने टॉक एच नावाची सेवाभावी चळवळ उभी केली, १९२२ मध्ये तिला राजसनद मिळाली, आणि शाखा ब्रिटिश साम्राज्यभर पसरल्या, भारतातही. म्हणजे फ्लँडर्समध्ये मेलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाचं आडनाव दोन सिग्नल-अक्षरं होऊन कोचीतल्या पोरांच्या गणवेशावर पोचलं, आणि मधल्या वाटेत मुलगा गळाला.

आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावर 'कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेलं असतं. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही. वारा मात्र लागतो. (हे पत्रकात घालायचं का? आत्याला विचारायचं.)

३० मार्च

अध्यक्ष काकांचा फोन. "ते सगळं छान, पण आपलं कोण होतं तिथे? लोक विचारणार." रास्त प्रश्न आहे. काकांचं गाव साताऱ्याकडचं, घरटी एक माणूस फौजेत.

दोन शनिवार यावर गेले. निष्कर्ष सोयीचा नाही.

भारतीय सैनिक या भागात होते, आणि फार लवकर आले. ऑक्टोबर १९१४ मध्ये ईपरच्या दक्षिणेला ५७ वी वाइल्ड्स रायफल्स आणि १२९ वी बलुची लढत होत्या. ३१ ऑक्टोबरला होलेबेके इथे खुदादाद खान यांनी मशिनगन सोडली नाही, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एप्रिल १९१५ मध्ये ईपरला गॅस सोडला गेला तेव्हा लाहोर डिव्हिजन तिथे धावली. मराठी माणसाला जवळची गोष्ट थोडी दक्षिणेची, फ्रान्समधल्या नव्ह-शापेलची : २८ ऑक्टोबर १९१४ ला खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या ४७ व्या शिखांबरोबर त्या गावात घुसल्या. सुरुंग लावणारे, पूल बांधणारे लोक, त्यांना पायदळासारखं वापरलं. दोन्ही कंपन्यांचे जवळपास सगळे ब्रिटिश अधिकारी मेले किंवा जखमी झाले. या सॅपर्समध्ये मराठे होते.

पण टॅल्बट हाउस उघडलं डिसेंबर १९१५ मध्ये. आणि नेमकं त्याच सुमाराला भारतीय पायदळ फ्रान्स-बेल्जियममधून काढून मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे, रवाना झालं. घोडदळ १९१८ च्या सुरुवातीपर्यंत फ्रान्समध्ये राहिलं, पण पायदळ गेलं. म्हणजे 'प्रत्येक माणसाच्या' घराचं दार उघडत होतं तेव्हा आपली माणसं बोटीत चढत होती.

रात्री बाराला एक गोष्ट लक्षात आली आणि झोप उडाली. मेसोपोटेमियात कुत गावाला तुर्कांचा वेढा पडला ७ डिसेंबर १९१५ ला. पोपेरिंगेतलं घर उघडलं ११ डिसेंबरला. मध्ये चार दिवस. कुतमध्ये अडकली ती सहावी डिव्हिजन, पुणे डिव्हिजन म्हणायचे तिला, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. पोपेरिंगेतलं घर उघडलं तेही सहाव्या डिव्हिजनच्या पाद्र्याने. दोन वेगळ्या सैन्यांतल्या दोन सहाव्या डिव्हिजन, आकडा तेवढा सारखा. एका ठिकाणी चहा आणि पियानो. दुसऱ्या ठिकाणी एप्रिल १९१६ पर्यंत वेढा, उपासमार, तट्टू आणि खेचरं कापून खाणं, शेवटी २९ एप्रिलला शरणागती आणि मग कैदेतली पायपीट, जिच्यात पुष्कळ मेले.

यातून काही सिद्ध होत नाही. योगायोग आहे. पण काकांना सांगितलं की पत्रकात हे चार ओळींत जाईल, आणि 'मराठी वीर टॅल्बट हाउसमध्ये' असं काही जाणार नाही. ते म्हणाले, "बरं." त्यांच्या 'बरं'चे तीन प्रकार आहेत, हा तिसरा.

९ एप्रिल

पाडवा. काम नाही. श्रीखंड.

२० एप्रिल, ईपर आणि पुन्हा पोपेरिंगे

ईपर स्टेशनवरून भाड्याची सायकल. गावाच्या पूर्वेला मेनिन रस्त्याने होखेपर्यंत. आता तिथे शेतं, एक रेस्टॉरंट, एक करमणूक उद्यान. होय, पाळणे आणि घसरगुंड्या. चढ इतका किरकोळ की सायकलचा गिअरही बदलावा लागत नाही, आणि त्यासाठी तीन वर्षं माणसं मेली.

सँक्च्युअरी वुड दफनभूमीत गिल्बर्टची कबर आहे. शोधायला थोडा वेळ गेला. बाकीच्यांसारखाच दगड, पलटणीचं चिन्ह, नाव, तारीख. कुणीतरी लहान लाकडी क्रॉस टेकवून ठेवलेला. मी बरोबर काही नेलं नव्हतं. बाटलीतलं पाणी दगडासमोरच्या रोपाला घातलं.

नेव्हिलचा विचार करत होते. भावाला हातांनी चाचपडून शोधून आणणारा माणूस, चार-साडेचार महिन्यांत भावाच्या नावाचं घर उघडतो, आणि ते घर रडण्यासाठी नाही, हसण्यासाठी उघडतो. त्याच्या जागी मी असते तर संगमरवरी फलक लावला असता. त्याने बोलावलं कुणाला, तर 'रडतराऊतांनी बाहेर जावं' असं लिहिणाऱ्याला.

दुपारी पोपेरिंगे. या वेळी घरात न जाता चौकातल्या नगरभवनात गेले, कारण मागच्या वेळी ते टाळलं होतं. मागच्या अंगणात एक खांब आहे. इथे ब्रिटिश सैन्याने आपल्याच माणसांना गोळ्या घातल्या, बहुतेकांना पळून गेल्याबद्दल. शेजारच्या कोठड्यांमध्ये त्यांची शेवटची रात्र जाई. टॅल्बट हाउसपासून चालत पाच-सात मिनिटं.

हर्बर्ट मॉरिस, जमैकाचा, ब्रिटिश वेस्ट इंडीज रेजिमेंट, वय १७. तोफांच्या आवाजाने सैरभैर होऊन पळाला. २० सप्टेंबर १९१७ ला पहाटे गोळ्या घातल्या. २००६ मध्ये ब्रिटिश सरकारने अशा शिक्षा झालेल्यांना माफी दिली, त्यात तोही आला. आणि ८ मे १९१९ ला, युद्ध संपून सहा महिने झाल्यावर, इथे वांग चुन चिह नावाच्या चिनी मजुराला खुनाबद्दल मारलं.

पत्रक लिहायला घेतलं तेव्हा मला वाटत होतं, गोष्ट एका घराची आहे. हुद्दे बाहेर काढून ठेवायची जागा हवी होती, कारण बाहेर हुद्दा हा जीवनमरणाचा प्रश्न होता. खांब न दाखवता पाटी दाखवली तर ती नुसती गंमत होते. दोन्ही जायला हवं.

चहा प्यायला घरात गेलेच शेवटी. बागेत दोन शाळकरी मुलं मोबाइलवर खेळत होती.

५ मे

मजकूर ११४० शब्द. मर्यादा ६००. कापणं सुरू.

गेलं : टबीचं पुढचं आयुष्य, लंडनच्या टॉवरजवळच्या चर्चमधली त्याची पुढची वर्षं, एडवर्डियन शिक्षणपद्धतीवरचा माझा परिच्छेद (कुणी मागितला होता?), पंख्याची उपमा. आत्या म्हणाली, पंखा चांगला आहे पण तो तुझा आहे, त्यांचा नाही.

राहिलं : घर टिकलं कसं, एवढं तीन वाक्यांत. युद्धानंतर मालकाला परत गेलं. जुने सैनिक येऊन दार ठोठावत राहिले. १९२९ मध्ये कॅस्ट्रॉल तेलवाले लॉर्ड वेकफील्ड यांनी ९,२०० पौंड दिले आणि घर विकत घेतलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन ते ताब्यात घेणार हे दिसल्यावर गावकऱ्यांनी आतलं सामान उचलून आपापल्या घरी लपवलं. सप्टेंबर १९४४ मध्ये पोलिश सैन्याने गाव सोडवलं, आणि सामान परत आलं. इंग्रजांच्या वस्तू फ्लेमिश शेतकऱ्यांच्या घरांत, जर्मनांच्या नाकाखाली चार वर्षं. हे वाक्य कापायला मला कुणीही सांगू नये.

शब्द ६४८. पुरे. अक्षर लहान करू.

१५ मे

छपाई. गेंटमधल्या एका दुकानाने पहिली प्रत दाखवली. 'हुद्दे'मधला 'द्द' फुटून दोन तुकडे, 'ऱ्या' गायब, आणि 'रडतराऊतांची' ओळीच्या शेवटी मोडून 'रडत' वर आणि 'राऊतांची' खाली. तिसरं एकवेळ चाललं असतं. दुकानदाराला वाटत होतं तो नक्षीचा भाग आहे. घरी येऊन सगळी अक्षरं आकृत्यांत बदलून फाइल पुन्हा दिली. संध्याकाळी ठीक. ४० प्रती. जाड कागद परवडला नाही, साधा घेतला.

गावाचं नाव 'ईपर' ठेवलं. आत्या 'यीप्र' म्हणत होती, कारण जुन्या मराठी वर्तमानपत्रांत तसं वाचल्याचं तिला आठवतं. सैनिक तर 'वायपर्स' म्हणत. पण आपण उतरणार ज्या स्टेशनवर, तिथे ईपर लिहिलेलं आहे.

२५ मे, सहल

२७ माणसं. पावसाची भुरभुर, मग ऊन. वाटेवर हॉप्सचे वेल उंच तारांवर चढायला लागलेले. एक आजोबा म्हणाले, द्राक्षाचे मांडव का? नाशिकचे होते.

पत्रकं गाडीतच वाटली, त्यामुळे घरात पोचेपर्यंत लोकांनी वाचलेली होती. हा चांगला निर्णय. पाट्यांपाशी गर्दी. 'टोपल्या शोभेच्या' ला सगळ्यात मोठा हशा, जिच्यात माझं कर्तृत्व शून्य. रडतराऊतांना मुलं हसली नाहीत, त्यांना शब्द माहीत नाही. त्यांच्या आयांनी समजावून सांगितला. दहा वर्षांच्या एका मुलीने तो लगेच धाकट्या भावावर वापरला, आणि परत येईपर्यंत वापरत होती.

माळ्यावर सगळ्यांना एकदम जाता येईना, पाच-पाचच्या गटांत गेले. गुडघे दुखतात म्हणून दोन आजी खालीच थांबल्या. त्यांच्याशी तिथल्या स्वयंसेवक बाई बोलत बसल्या, एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, तरी नातवंडांचे फोटो बघून झाले.

खांबापाशी मी काही बोलले नाही. पत्रकात होतं तेवढंच. काका तिथे बराच वेळ उभे होते. मग त्यांनी विचारलं, "सतरा?" मी मान हलवली. त्यांनी पत्रकाची घडी करून वरच्या खिशात ठेवली.

रात्री आठला ईपरच्या मेनिन गेटवर. १९२८ पासून तिथे रोज बिगुल वाजतो, दुसऱ्या महायुद्धातली वर्षं सोडून. कमानीत चौपन्न हजारांवर नावं, ज्यांचे देह सापडले नाहीत त्यांची, त्यात भारतीय पलटणींचीही. आमच्यातल्या कुणीतरी मोबाइलच्या उजेडात आडनावं वाचत होतं. शेवटची गाडी धरायला धावावं लागलं.

२ जून

उरलेल्या प्रती ९. एक घराच्या नोंदवहीशेजारी ठेवून आले होते, त्या बाईंनी मागितली म्हणून. त्यांना वाचता येणार नाही, पण अक्षरं आवडली म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेसाठी दुरुस्त्या :

अक्षर मोठं. आजोबांनी पत्रक हातभर लांब धरलं होतं.

नकाशा हवा. तीन जण बागेऐवजी हॉप्सच्या जुन्या गोदामात गेले, जिथे आता संग्रहालय आहे, आणि तिथेच रमले.

'रडतराऊत' ला अर्थ द्यायचा नाही.

एका बाईंनी विचारलं, गिल्बर्टच्या आईचं नाव काय? पत्रकात वडील होते, भाऊ होता, टबी होता, घरमालक होता. आई नव्हती. लॅव्हिनिया टॅल्बट. मला माहीत होतं, पाच मेच्या कापाकापीत गेलं. काय ठेवायचं हे ठरवताना मी तेल-कंपनीवाला लॉर्ड ठेवला आणि ती कापली. पहिल्याच परिच्छेदात घालायचं.

आत्याला मूळ प्रत पोस्टाने पाठवली. तिचा निरोप आला : दुसऱ्या घडीवर 'पाद्री' एकदा ऱ्हस्व झालाय.

बघितलं. झालाय.